दिवा परत लागला: एक डिझेल गाडी, चार जॉब कार्डं आणि डीलरशी झालेली पाच महिन्यांची झुंज

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या नात्यातल्या एका कुटुंबाचं आहे. नावं बदलली आहेत, गाडीचं मॉडेल, कंपनी, डीलर यातलं काहीच लिहीत नाही, कारण शेवटी तडजोड झाली आणि ती करताना आण्णांनी शब्द दिलाय. आण्णा म्हणजे घरातले मोठे म्हणून आण्णा. तेव्हा वय ६२, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, राहायला साताऱ्यात. काकूंच्या डोळ्याच्या पडद्याचे उपचार पुण्यात चालू होते त्यामुळे महिन्यातून दोनदा पुणे ठरलेलंच, बाकी भाजी, बँक, राजवाडा, कधीमधी गावाकडं शेतावर.

आधीची गाडी पण डिझेलच होती, ११ वर्षं चालवली, १ लाख ६० हजार किलोमीटर झाले, क्लच आणि बॅटरी सोडून खर्च नाही. त्यामुळे नवीन घेताना डिझेल हे डोक्यात पक्कं होतं. ऑक्टोबर २०२१, दसऱ्याला डिलिव्हरी, ऑन रोड साडेतेरा लाख, वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. पेढे वाटले, हार घातला, फोटो काढले सगळं झालं, पण शोरूममधल्या एकाही माणसाने डीपीएफ हा शब्द उच्चारला नाही. मी हे मुद्दाम सांगतोय कारण पुढचं सगळं भांडण त्याच तीन अक्षरांभोवती झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे गाड्यांच्या धुराचे नियम बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर आले, मधलं बीएस-५ गाळलं. त्यात डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाईनमध्ये काजळी धरून ठेवणारा एक फिल्टर बसवला जातो, तो डीपीएफ. काजळी साठली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट ६०० डिग्रीच्या आसपास तापवते आणि ती काजळी जाळून टाकते, याला रिजनरेशन म्हणतात. हे व्हायला गाडी सलग १५-२० मिनिटं बऱ्यापैकी स्पीडला पळावी लागते. मधेच बंद केली तर जळायचं अर्धवट राहतं आणि न जळलेलं थोडं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑईलमध्ये उतरतं. फिल्टर किती भरलाय हे गाडीला कसं कळतं, तर फिल्टरच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यातला फरक मोजणारा एक छोटा सेन्सर असतो. हा सेन्सर लक्षात ठेवा.

अडचण

सप्टेंबर २०२२, रनिंग १३,९००. डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा. आण्णांनी मॅन्युअल उघडून वाचलं (ते वाचतात, मास्तर माणूस), त्यात लिहिल्याप्रमाणे हायवेला काढली, उंब्रजपर्यंत गेले आणि परत आले, दिवा गेला. दहा दिवसांनी परत लागला. परत उंब्रज. मग सर्व्हिस सेंटर.

तिथे त्यांनी लॅपटॉप लावून फोर्स रिजनरेशन केलं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून काजळी जाळली. ते फुकट, पण ऑईल पातळ झालंय म्हणून ऑईल आणि फिल्टर बदलायचे ६,४०० रुपये घेतले, ऑईल वॉरंटीत येत नाही म्हणाले. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर, काय लिहिलं? "पिकअप कमी वाटतो. तपासले. ओके." दिव्याचा उल्लेखच नाही. आण्णांनी सही केली. हा पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो तेव्हा कुणाच्याच लक्षात आला नाही.

ऑक्टोबरमध्ये परत तेच, परत ६,४००. यावेळी सर्व्हिस ॲडव्हायजर, बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, म्हणाला "काका, बीएस-६ मध्ये असं होतंच, सगळ्यांना होतं." संध्याकाळी कंपनीकडून फीडबॅकचा फोन येईल म्हणून त्याने आधीच हात जोडले, काका दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात. आण्णांनी दिले. पोराचं कशाला नुकसान करायचं, असा विचार. त्यांचा चांगुलपणा मला आजही चुकीचा वाटत नाही, पण तो नंतर फार महागात पडला.

मग डिसेंबर. पुण्याहून परत येताना खंबाटकी घाट चढताना गाडीचा एकदम जीव गेल्यासारखा झाला, इंजिन चालू आहे पण २०-२५ च्या वर जाईना, याला लिंप मोड म्हणतात, गाडी स्वतःला वाचवायला ताकद कमी करून घेते. मागे ट्रकांची रांग आणि हॉर्न. काकूंना त्याच दिवशी डोळ्यात इंजेक्शन दिलेलं, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले त्यामुळे उन्हाकडे बघवत नाही. जरा रुंद जागा बघून आण्णांनी गाडी बाजूला घेतली, काकू डोक्यावर पदर ओढून कठड्यापाशी बसून राहिल्या. रोडसाईड असिस्टन्सची गाडी यायला सव्वातीन तास लागले. कराडला चाललेल्या एका कुटुंबाने थांबून विचारलं आणि काकूंना साताऱ्यात बॉम्बे रेस्टॉरंट चौकात सोडलं, त्यांचं नाव विचारायचं पण राहून गेलं. गाडी टो होऊन सर्व्हिस सेंटरला, तिसरं फोर्स रिजनरेशन, तिसरे ६,४००.

जानेवारी २०२३ मध्ये चौथ्यांदा गाडी गेली तेव्हा मात्र भाषा बदलली. आता ॲडव्हायजर नाही, मॅनेजर बोलायला आला. "सर, तुमचं सिटी ड्रायव्हिंग जास्त आहे, डीपीएफ चोक झालाय, ही वापरातली चूक आहे, वॉरंटीत बसत नाही." नवीन डीपीएफचं एस्टिमेट हातात, १ लाख ३८ हजार. आण्णा म्हणाले अहो पण आम्ही महिन्यातून दोनदा पुण्याला जातो. मॅनेजर म्हणाला, आमच्याकडे तसा काही रेकॉर्ड नाही.

त्या रात्री आण्णांचा मला फोन आला. आवाज इतका खचलेला मी कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "मी खोटं बोलतोय असं त्याला वाटतंय रे."

कोणते पर्याय समोर होते

पुढच्या रविवारी मी साताऱ्याला गेलो आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो.

पैसे भरून मोकळं व्हायचं, हे काकूंचं मत. पेन्शनीतून गेले तर गेले, डोक्याला ताप नको. पण मूळ कारण सापडलेलं नसताना नवीन डीपीएफ टाकला आणि तोही तीन महिन्यात भरला तर? याचं उत्तर डीलरकडे नव्हतं, आणि नव्या पार्टची वॉरंटी परत "वापरातली चूक" म्हणून नाकारायला ते मोकळेच.

दुसरा रस्ता एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने सुचवलेला. फिल्टर आतून कापून काढायचा, ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, प्रोग्राम बदलून घ्यायचा, तीस हजारात विषय संपला. खरं सांगतो, मोह झाला. आजूबाजूला चार जणांनी हे केलंय असं तो छातीठोक सांगत होता. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा मूळ रचनेला सोडून बदल करता येत नाही, वॉरंटी तर जातेच, उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला त्यावर बोट ठेवणार. आणि आण्णांचा मुद्दा वेगळाच होता. ते म्हणाले तो धूर शाळेच्या पोरांच्या नाकात जाणार, मी आयुष्यभर प्रभातफेऱ्या काढल्या आणि आता हे करू? तिथे तो पर्याय संपला.

तिसरा, गाडी विकून टाकायची. गंमत बघा, त्याच डीलरने एक्स्चेंजमध्ये साडेसहा लाख देऊ केले, सव्वा वर्षाच्या गाडीला. बाहेर विकायची तर दोष सांगून विकायला हवी, आणि न सांगता विकणं आण्णांना जमणारं नव्हतं.

चौथा, त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे दाखवायची. हे आमच्या डोक्यात इतक्या उशिरा का आलं याचं मला अजून वाईट वाटतं. वॉरंटी कंपनीची असते, एका डीलरची नाही, गाडी कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेता येते.

पाचवा, ग्राहक आयोग. वकील असलेल्या एका मित्राला विचारलं. त्याने सरळ सांगितलं ते असं: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यातच, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ५० लाखापर्यंत जिल्हा आयोग, आणि १० ते २० लाखाच्या वस्तूला फी फक्त ४०० रुपये. वकील लावायची सक्ती नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायला हवं. पण, आणि हा पण मोठा होता, "पूर्ण गाडी बदलून द्या" असं मागायचं असेल तर गाडीतच निर्मितीदोष आहे हे तज्ज्ञांच्या अहवालाने दाखवावं लागतं, जो दोष नुसता बघून कळत नाही तो आयोग लॅबकडे तपासायला पाठवू शकतो. आणि एखादा पार्ट बदलून दुरुस्त होणारा दोष असेल तर अख्खी गाडी बदलून मिळत नाही अशी सुप्रीम कोर्टाची भूमिका २००६ पासून आहे. वेळ किती लागेल यावर तो काही बोललाच नाही, नुसता हसला.

आमचं ठरलं असं की आयोग हा शेवटचा दरवाजा, तो उघडा ठेवायचा, पण आधी कारण शोधायचं. आणि त्या दिवसापासून फोनवर काहीही बोलायचं नाही, सगळं ईमेलवर.

काय केलं

पहिलं काम कागद गोळा करणं. चार जॉब कार्डं, तीन बिलं, एक टोइंगची पावती. दोन जॉब कार्डांच्या कॉप्या आण्णांकडे नव्हत्याच, मागायला गेलो तर सिस्टिममधून निघत नाहीत म्हणाले. ईमेल केला, तारीख आणि रनिंग टाकून, कंपनीच्या कस्टमर केअरला कॉपी ठेवून. दोन दिवसात निघाल्या.

मग तो "रेकॉर्ड नाही" वाला मुद्दा. हे मला आंघोळ करताना सुचलं, खरंच. फास्टॅग! पुणे-सातारा रस्त्यावर खेड शिवापूर आणि आनेवाडी असे दोन टोल, प्रत्येक फेरीला जाता-येता चार नोंदी, वेळेसकट. बँकेच्या पोर्टलवरून पंधरा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं आणि पेनने मोजलं, ३१ फेऱ्या. वर दोन टोलच्या वेळेतला फरक बघितला की मधल्या अंतरात गाडी काय सरासरीने पळाली तेही निघतं, बहुतेक वेळा साठच्या आसपास. म्हणजे मॅन्युअलमध्ये जे १५-२० मिनिटं सलग चालवा लिहिलंय ते आण्णा महिन्यातून निदान चार वेळा, तासतासभर करत होते. त्या कागदाने आण्णांच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो मी विसरणार नाही. पैशाचं नंतर बघू, पण माझं म्हणणं खरं होतं हे आता छापील दिसतंय, असं त्यांना वाटत होतं.

त्यानंतर मी एक ब्लूटूथ स्कॅनर मागवला, बाराशे रुपयांचा, स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला लावायचा, आणि मोबाईलवर एक पैसे भरून घ्यायचं ॲप. गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड निघाला पी२४६३, म्हणजे फिल्टरमध्ये काजळी जास्त. नवीन काही नाही. पण कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते, दिवा लागला त्या क्षणी स्पीड किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं. त्यात स्पीड ८१ दिसत होता, म्हणजे दिवा गावात नाही, हायवेवर लागला होता. स्क्रीनशॉट काढून ठेवला. इथे एक सांगतो, स्कॅनरने फक्त वाचा, कोड पुसू नका. गॅरेजवाल्या पोराने एकदा मदत म्हणून पुसला होता आणि डिसेंबरच्या घाटातल्या घटनेची सगळी माहिती त्यात गेली.

अजून एक आकडा दिसत होता तो मला तेव्हा कळला नाही. चावी ऑन, इंजिन बंद, आणि डीपीएफचा दाबफरक ३४ मिलिबार. त्याचाही स्क्रीनशॉट होता म्हणून बरं.

फेब्रुवारीत गाडी पुण्यातल्या दुसऱ्या डीलरकडे नेली. काउंटरवरच्या मुलाने सिस्टिममध्ये हिस्ट्री बघितली आणि तेच वाक्य, सिटी ड्रायव्हिंग लिहिलंय सर, वॉरंटी क्लेम पास होणार नाही. परत निघणार होतो. आण्णा म्हणाले थांब, वर्कशॉपमधल्या कुणाशी तरी बोलू. एक पन्नाशीचे सुपरवायझर होते, हातावर ग्रीस, चष्मा दोरीला बांधलेला. आण्णांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, दोन मिनिटं द्या, मी भांडायला आलो नाही, मला फक्त समजून घ्यायचंय. त्यांनी स्क्रीनशॉट एकेक करून बघितले, त्या ३४ च्या आकड्यावर थांबले आणि म्हणाले, "ओ सर, इंजिन बंद असताना दाब कुठनं येईल? इथं शून्य पाहिजे."

एवढंच. पाच महिने, चार फेऱ्या, तीन वेळा ऑईल, आणि उत्तर त्या एका वाक्यात होतं. सेन्सर चुकीचा आकडा देत होता, फिल्टर नसेल तितका भरलाय असं गाडीला वाटत होतं, म्हणून ती सारखी रिजनरेशन करायला जात होती, त्यात ऑईलमध्ये डिझेल उतरत होतं, आणि शेवटी घाबरून लिंप मोड. त्यांनी गाडी वर घेतली, सेन्सरचा कनेक्टर काढला, आत पिनांवर हिरवा गंज. वायरिंग धरून ठेवणारी एक क्लिप जागेवर नव्हती त्यामुळे कनेक्टर खाली लोंबत होता आणि पावसाचं पाणी थेट तिथे उडत होतं. क्लिप फॅक्टरीतूनच नव्हती की पहिल्या सर्व्हिसला कुणी काढून परत लावली नाही, हे आजपर्यंत कळलेलं नाही.

फोटो काढले. सुपरवायझर म्हणाले मी लिहून देऊ शकत नाही, पण तुम्ही जॉइंट इन्स्पेक्शन मागा, कंपनीच्या माणसासमोर हेच करून दाखवायला सांगा. त्यांचे उपकार आहेत.

मग ईमेल, कंपनीच्या कस्टमर केअरला. तीन मागण्या, साध्या: कंपनीच्या सर्व्हिस मॅनेजरसमोर संयुक्त तपासणी करा, त्यात चावी ऑन इंजिन बंद ठेवून दाबाचा आकडा दाखवा, कनेक्टर उघडून फोटो काढा. सोबत फास्टॅगचं स्टेटमेंट. पहिलं उत्तर आलं ते वाचून आण्णा दोन दिवस गप्प होते. त्यात लिहिलं होतं, आपण मागील भेटीनंतरच्या फीडबॅकमध्ये आमच्या सेवेला १० पैकी १० गुण दिले आहेत, त्यामुळे आपली तक्रार निकाली काढली असल्याची नोंद आहे.

तेव्हा १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. ही कोर्ट नाही, ते आदेश देत नाहीत, पण तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात, डॉकेट नंबर मिळतो, आणि कंपनीच्या आत ती वेगळ्या टेबलावर जाते हे आम्ही अनुभवलं. नऊ दिवसात एरिया सर्व्हिस मॅनेजरचा फोन. सोबतच मित्राने वकिलाची नोटीस तयार करून ठेवली होती, ती पाठवली नाही, पण तयार आहे हे ईमेलमध्ये नमूद केलं. नोटीस आधी पाठवायची की तपासणीनंतर, यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. मी म्हणत होतो आत्ताच पाठवा. आण्णा म्हणाले, आत्ता पाठवली की समोरचा माणूस त्याच्या वकिलाच्या मागे जाऊन बसेल आणि गाडी कुणीच उघडणार नाही. त्यांचं बरोबर होतं.

मार्चच्या शेवटी तपासणी झाली, साताऱ्याच्या त्याच सर्व्हिस सेंटरला. चावी ऑन, इंजिन बंद, त्यांच्याच लॅपटॉपवर ३६. एरिया मॅनेजरने मॅनेजरकडे बघितलं, काही बोलला नाही. नवीन सेन्सर लावला, कनेक्टर बदलला, आकडा शून्य. फिल्टर तपासला तर तो ठीक होता. एक लाख अडतीस हजाराचा पार्ट बदलायची गरजच नव्हती.

निकाल

सेन्सर आणि कनेक्टर वॉरंटीत. तीन ऑईल बदलाचे १९,२०० रुपये, त्याचे आधी सर्व्हिस कूपन देतो म्हणाले. आण्णांनी नको सांगितलं, ज्या दारात परत यायची इच्छा नाही तिथलं कूपन काय करू. शेवटी दोन बिलांचे १२,८०० बँकेत आले, पहिल्या बिलाचे नाही, कारण पहिल्या जॉब कार्डवर दिव्याची तक्रारच नव्हती. वॉरंटी दोन वर्षं वाढवून मिळाली आणि त्यात डीपीएफ व त्याचे सेन्सर हे शब्द आण्णांनी हट्टाने लिहून घेतले.

सगळ्यात अवघड क्षण सहीचा. सेटलमेंट लेटरवर एक ओळ होती, या वाहनाबाबत भविष्यात कोणतीही तक्रार करणार नाही. मॅनेजर म्हणाला फॉरमॅलिटी आहे सर. आण्णा उठून उभे राहिले, ती ओळ खोडा नाहीतर मी निघतो. अर्धा तास फोनाफोनी. मग ओळ बदलून "वरील बिलांबाबत" एवढंच ठेवलं. मे २०२३ मध्ये सह्या झाल्या.

आयोगात गेलो नाही. जायला हवं होतं का, यावर माझं अजून मन पूर्ण मिटत नाही. ते सव्वातीन तास, काकूंचा डोळा, सहा-सात हेलपाटे, याची भरपाई कुणी दिली नाही. पण आण्णांना ६३ व्या वर्षी तारखा नको होत्या आणि गाडी तर दुरुस्त झाली होती. २ वर्षांची मुदत त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवली, परत तोच दोष आला असता तर गेले असते. (तेव्हा ऑनलाईन तक्रारीला ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलंय, कुणाला करायची असेल तर तिथे बघा.)

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या जॉब कार्डवर स्वतःचे शब्द लिहून घ्यायला हवे होते. ॲडव्हायजर संगणकात जो तयार पर्याय निवडतो तो त्याच्या सोयीचा असतो. "डीपीएफचा दिवा, दहा दिवसात दोनदा, हायवेला चालवूनही परत" असं लिहिलं असतं तर ६,४०० परत आले असते हे एक, आणि कुणीतरी कोडच्या पलीकडे बघितलं असतं हे दुसरं. पेनने खाली लिहिलं तरी चालतं, फक्त सहीच्या आधी.

फीडबॅकचं म्हणाल तर त्या पोराची विनवणी खरी असते, त्याचे पैसे खरंच कापले जातात, हे मला मान्य आहे. पण तो फोन आला की मुलगा चांगला आहे, काम झालेलं नाही, अशी दोन वाक्यं सांगता येतात. आण्णा आता तसंच सांगतात.

दुसऱ्या डीलरकडे दुसऱ्याच वेळी जायला हवं होतं. एकच वर्कशॉप तीच कृती दोनदा करून तोच दोष परत येतोय म्हणजे ते शोधत नाहीयेत, निस्तरतायत. यात माझीही चूक आहे. ऑक्टोबरमध्ये आण्णांनी मला विचारलं होतं आणि मी ऑफिसमधून घाईत म्हणालो होतो, बीएस-६ मध्ये असतं थोडंफार. अगदी त्या ॲडव्हायजरचंच वाक्य. तेव्हा नीट ऐकलं असतं तर घाटातला दिवस टळला असता.

ऑईलचं एक राहिलं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या वर जात होती हे आण्णांनी बघितलेलं, पण ऑईल वाढतंय म्हणजे काही वाईट असेल असं कुणाला वाटणार? पातळ ऑईलवर गाडी किती किलोमीटर पळाली आणि इंजिनची आतून किती झीज झाली हे आता कधीच कळणार नाही. डिपस्टिकचा फोटो तारखेसकट काढून ठेवला असता, काढलेल्या ऑईलची एक बाटली बाजूला मागून घेतली असती, तर वाढीव वॉरंटीत इंजिनचं नावही घालून घेता आलं असतं.

आणि खरेदीच्या वेळचा प्रश्न. माझं मत असं की महिन्याला हजार किलोमीटरच्या आत आणि तेही बहुतेक गावात असेल तर आताची डिझेल घेऊच नये. आण्णांचा वापर त्याच्या काठावर होता. पण हे सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची पण आहे, साडेतेरा लाख घेताना पाच मिनिटं डीपीएफवर बोलायला काय हरकत होती.

सध्याची स्थिती

गाडी आता ४१ हजारावर आहे. सेन्सर बदलल्यापासून तो दिवा एकदाही लागलेला नाही. सर्व्हिसिंग पुण्यात, त्या सुपरवायझरांकडेच, आण्णा जाताना त्यांच्यासाठी कंदी पेढे नेतात.

काकू मात्र त्या गाडीत पुण्याला जात नाहीत. आण्णांनी खूप समजावलं, स्कॅनर लावून शून्याचा आकडा दाखवला. त्या म्हणतात, अहो तुमचं सगळं बरोबर आहे, पण घाट आला की माझ्या पोटात गोळा येतो. महिन्यातून दोनदा दोघंही सकाळच्या स्वारगेट विनाथांब्याने जातात.